पकड पैलवानाची, पाय घोडीचे

ज्या वर्षी आमच्या भागात कारखान्याचा भोंगा एकदाही वाजला नाही, त्या वर्षी मी इंजिनिअर होऊन गावी परतलो. गावाला माझ्या इंजिनिअरिंगचा काही उपयोग नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडं. शिवारात ऊस नाही म्हणून कारखाना बंद. तोडीला जाणारी घरं दाराला कुलपं लावून कधीच पश्चिमेकडं निघून गेलेली. जे मागं राहिले ते टँकरची वाट बघत बसायचे. वाट बघणं हा तेव्हा गावाचा मुख्य व्यवसाय होता आणि त्यात आम्ही सगळे चांगले तयार झालो होतो.

पुण्याहून येताना मी दोन वस्तू आणल्या होत्या. एक डिग्री आणि दुसरी एका जाडजूड इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स. वसतिगृहात आम्ही त्या पुस्तकावरून एक खेळ खेळायचो. चार-पाच जणांनी गोल करून बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, वाटेत राक्षस, भुयारं, किल्ले आणायचे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगायचं. पात्राची ताकद, चपळाई, अक्कल सगळं आधी आकड्यांत एका कागदावर मांडलेलं असतं. जमलं की फसलं, हे मात्र वीस बाजूंचा एक फासा ठरवतो.

हे सगळं मी आमच्या गावच्या सहकारी सोसायटीच्या सचिवांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "म्हणजे जनरल बॉडीच की. फक्त निकाल आधी ठरलेला न्हाई."

सचिवांना वेळच वेळ होता. सोसायटीचं गोदाम रिकामं होतं, खत यायचं नव्हतं आणि बैठका झाल्या तरी त्यात चहाशिवाय काही मंजूर होत नव्हतं. तिसरा गडी म्हणून त्यांनी पैलवानाला आणलं. आम्ही त्यांना पैलवानच म्हणायचो. उमेदीत जत्रेतली शेवटची कुस्ती त्यांची असायची. मग एका कुस्तीत उजवा गुडघा गेला आणि तालीम सुटली. तेव्हापासून त्यांनी वरातीची घोडी पाळली. कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाची, अंगानं भरलेली, हलगीच्या ठेक्यावर खाटेवर चढून नाचणारी. तालुक्यातले निम्मे संसार तिच्या पाठीवरून सुरू झाले होते आणि ते पुढं कसे चालले याचा दोष तिला कुणी देत नव्हतं.

त्या वर्षी मात्र घोडीही बेकार होती. पुढाऱ्यांनी सामुदायिक विवाह लावले आणि सगळे नवरदेव एकाच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे करून मिरवले. इतक्या नवरदेवांना एक घोडी कशी पुरणार? म्हणून मग कुणालाच नको. सहकारात न्याय असा सगळ्यांना सारखा मिळतो.

खेळायला आम्ही दुपारी पैलवानाच्या गोठ्यात बसायचो, कारण गावात तेवढीच सावली थंड होती. एका बाजूला घोडी, दुसऱ्या बाजूला ज्वारी निवडत बसलेल्या वहिनी, म्हणजे पैलवानाच्या मालकीण, आणि मधल्या घोंगडीवर आम्ही.

"काय काय हुता येतं ह्याच्यात?" पैलवानानं विचारलं.

"योद्धा, जादूगार, चोर, पुजारी."

"कुस्ती हाय का?"

मी पानं उलटली. "आहे. धरायचं, दाबायचं, ओढत न्यायचं, सगळ्याचे नियम आहेत."

"आन घोडी?"

"घोडापण आहे. स्वाराचं प्रकरण वेगळं आहे."

"मग घोडीवरचा पैलवान लिव. कावून? जमत न्हाई?"

मला हसू आलं. घोड्यावरचा माणूस भाला चालवतो, तलवार चालवतो. घोड्यावर बसून कुस्ती कोण खेळतं? पण पुस्तकात कुठं नाही म्हटलेलं नव्हतं. आणि त्या पुस्तकाचा स्वभाव आपल्या सरकारी परिपत्रकासारखा आहे. जे नको म्हटलेलं नाही, त्यावर दोन महिने सहज वाद घालता येतो.

आम्ही घातला. सगळ्यात आधी पैलवानानं स्वतःच्या पात्राचा कागद बाजूला सारला आणि घोडीचा मागितला. रंग लिहून झाला, वय झालं. मग त्यांनी विचारलं, "भोवरे कुठं लिवायचे?"

"भोवरे?"

"अंगावरचे केसाचे भोवरे. कपाळावर कोणता, छातीवर कोणता, त्याच्यावर घोडी शुभ का अशुभ ते ठरतं. हे न बघता घोडी घेतो का कुणी?" त्यांच्या मते हे पुस्तक लिहिणाऱ्यानं जन्मात घोडी घेतलेली नव्हती. मी समासात एक रकाना आखून दिला. शेवटी घोडीचा कागद दोन्ही बाजूंनी भरला. पैलवानाच्या पात्राचा मात्र निम्मा कोराच राहिला.

खरी अडचण मापाची होती. पुस्तक म्हणतं, आपल्यापेक्षा एक माप मोठं असेल त्याच्यापर्यंतच हात घालायचा, त्याहून मोठ्याला धरता येत नाही. माणूस मध्यम मापाचा, घोडी मोठ्या मापाची. मग घोडीवर बसलेल्या माणसाचं माप कोणतं धरायचं? मध्यम धरलं तर तो बैलाएवढ्या प्राण्यापाशी थांबतो. मोठं धरलं तर त्याला हत्तीएवढा राक्षससुद्धा धरता येतो.

वसतिगृहात असा प्रश्न आला की खेळ चालवणारा निकाल द्यायचा आणि खेळ पुढं जायचा. इथं सचिवांनी वही काढली.

"विषय क्रमांक एक," त्यांनी लिहायला घेतलं, "घोडीवरील पैलवानाचे माप ठरविणे. सूचक कोण?"

"मी," पैलवान म्हणाले.

"तुमी लाभार्थी हाय. तुमाला सूचक हुता येत न्हाई."

"मग सोसायटीत समदे लाभार्थीच सूचक असतात, ते कसं चालतं बे?"

सचिवांनी यावर थोडा विचार केला आणि पैलवानाला सूचक केलं. अनुमोदक ते स्वतः झाले. मी विरोधात होतो. तेवढ्यात ज्वारीच्या सुपामागून आवाज आला, "माझं मत घोडीकडून."

"वहिनी, तुमी नाममात्र सभासद," सचिव अदबीनं म्हणाले. "नाममात्र सभासदाला मताचा अधिकार न्हाई."

"गोठा माझा, घोंगडी माझी, चहा माझा, आन मी नाममात्र?" वहिनींनी सूप खाली ठेवलं. "भाऊजी, मला बी एक कागद द्या. ह्याच्यात असं कोण हाय, ज्याला कुणाची सही लागत न्हाई?"

"चोर," मी म्हणालो.

"मग मी चोर."

अशा रीतीनं मोठं माप धरण्याचा ठराव तीन विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. चोर म्हणून वहिनी आमच्यात सगळ्यात हुशार निघाल्या, हे इथं नोंदवून ठेवतो.

पण पैलवानाचं समाधान होईना. कागदावर बसलं म्हणजे अंगावर बसतं असं नाही, असं त्यांचं म्हणणं. "आधी करून बघू, मग लिव." राक्षस म्हणून सचिवांची निवड बिनविरोध झाली. पैलवान घोडीवर बसले, खोगीर न घालता. सचिव अंगणात हात पसरून उभे राहिले आणि जमेल तेवढे गुरगुरले. पैलवानानं वरून वाकून त्यांची मान काखेत घेतली. इथपर्यंत ठीक होतं. पण जुनी सवय जाते कुठं? मान हातात आल्याबरोबर पैलवानानं दुसऱ्या हातानं आपल्या मांडीवर शड्डू ठोकला. घोडीला वाटलं, चल म्हणताहेत. ती निघाली. सचिव उकिरड्यापर्यंत चालत गेले, म्हणजे पाय त्यांचेच हलत होते, पण निर्णय घोडीचा होता.

मी हसून हसून खाली बसलो. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. सचिव चष्मा शोधत होते. पैलवान मात्र हसत नव्हते. ते घोडीवर ताठ बसून आपल्या उजव्या पायाकडं बघत होते, जो नुसता लोंबत होता.

"कुस्ती हातानं न्हाई खेळत," ते खाली न उतरताच म्हणाले. "कुस्ती पायानं खेळतात. जिमिनीतून जोर येतो. माझा गुडघा गेला तवा लोक म्हणले, हात तर धड हायेत. हात घेऊन काय करू? आत्ता सचिवाला ओढलं ना, तो जोर हिच्या पायातून आला. पकड माझी, पाय हिचे. असं लिव."

मी तसं लिहिलं. पुस्तकात एकच फासा टाकायचा असतो. आम्ही दोन केले. धरायचा फासा पैलवानाच्या ताकदीवर आणि ओढायचा घोडीच्या. हे मी आजवर बनवलेलं सगळ्यात सरस पात्र आहे. नंतर पुण्यातल्या नोकरदार मित्रांना दाखवलं, तेही वाहवा म्हणाले. पण पात्राला एक तरी उणं पाहिजे, नाहीतर खेळात मजा नाही, असं मी पैलवानाला तेव्हाच सांगितलं. पैलवानानं क्षणभर विचार केला. "लिव. घोडीवरनं उतरला की त्याला उभं ऱ्हाता येत न्हाई." त्या दुपारी मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली, आणि ती मी बोलून दाखवली नाही.

एवढ्यात सोसायटीनं चारा छावणी उघडली. मालकांनी जनावरं आणून बांधायची, संस्थेनं चारा-पाणी द्यायचं. मला तिथं कारकुनाचं काम लागलं. इंजिनिअरला लिहिता-वाचता येतं, ही माझी पात्रता. जनावर आलं की अर्ज भरायचा, कानात बिल्ला मारायचा, दावणीचा नंबर द्यायचा. अर्जात गाय होती, बैल होता, म्हैस होती, रेडा होता. घोडी नव्हती.

इकडं घोडीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. खेळताना आम्ही तिच्याकडं पाठ करून बसायला लागलो. एक दिवस वहिनींनी फासा उचललाच नाही.

"भाऊजी, घोडीला छावणीत घ्या. न्हाई तर ह्या महिन्यात ती जाती. एक तर बाजारात, न्हाई तर वर."

"वहिनी, अर्जात रकानाच नाही."

"पुस्तकात बी नव्हता की. भोवऱ्याला तुमीच रेघ मारून रकाना केला. माप बसत न्हवतं, ते बी बसवलं. खोट्या घोडीला समदं करता आन खऱ्या घोडीला म्हणता रकाना न्हाई?"

मी आणि पैलवान सोसायटीच्या चेअरमनकडं गेलो. सचिव आमच्या आधीच तिथं बसलेले होते, कारण ते कायम तिथंच असायचे.

चेअरमन या घोडीला चांगले ओळखत होते. निवडून आले तेव्हा त्यांची मिरवणूक तिच्याच पाठीवरून निघाली होती आणि मांड सुटून ते पडता पडता पैलवानानंच त्यांना सावरलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मोठं जनावर हाय ना?"

"हाय."

"कान दोन हायेत ना?"

"हायेत."

"मग म्हैस लिवा."

सचिवांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडं गेला. "ठराव घेऊ का?"

"असल्या कामाचा ठराव घेत असतात का, येड्या?" चेअरमन म्हणाले.

आमच्या सोसायटीत चहा-बिस्किटापासून चपराश्याच्या टोपीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा ठराव व्हायचा. ठरावाशिवाय झालेलं हे पहिलं काम, आणि ते माझ्या अक्षरात होतं. मी घोडीच्या कानात म्हशीचा बिल्ला मारला आणि तिला म्हशींच्या रांगेत, हिरव्या जाळीखाली, शेवटच्या दाव्याला बांधलं. म्हशींनी काही हरकत घेतली नाही.

पुढचे दिवस चांगले गेले. घोडी भरायला लागली, तिच्या अंगावर पुन्हा चकाकी आली. आमची घोंगडीही छावणीत आली. पैलवान दुपारभर तिच्या पायाशी बसायचे आणि कागदावरच्या घोडीचे आकडे खऱ्या घोडीकडं बघून हळूहळू वाढवायचे. वहिनी पुन्हा फासा टाकायला लागल्या. आपण काहीतरी चांगलं केलं, असं मला त्या वर्षात पहिल्यांदा वाटलं.

मग तालुक्याहून तपासणी येणार असल्याचा निरोप आला. चेअरमननी आम्हाला बोलावून बारीकसारीक सूचना दिल्या. घोडीवर ताडपत्री टाकायची. पुढं दोन थोराड म्हशी आडव्या बांधायच्या. घोडीचं तोंड भिंतीकडं. पैलवानानं जवळ थांबायचं नाही, म्हणजे साहेब काही विचारणार नाहीत. सगळं चोख ठरलं. मला ते इतकं चोख वाटलं की मी घरी जाऊन जेवलो.

एकच गोष्ट ठरवायची राहिली, कारण ती आमच्याकडं कधी ठरवावी लागत नाही. मोठा माणूस गावात आला की हलगी वाजते. चेअरमननी सांगितलं नाही, सचिवांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही. ती आपोआप वाजते. साहेबांची जीप फाटकात आली, फेट्याचं ताट पुढं झालं आणि हलगीवाल्यानं अंग मोडून ठेका धरला.

म्हशींच्या रांगेत शेवटची ताडपत्री हलली.

आधी एक खूर आपटला. मग दुसरा. साहेब फेटा बांधून घेत होते, त्यांचं तोंड नेमकं तिकडंच होतं. दाव्याला हिसका बसला, ताडपत्री खाली गेली आणि महिनाभर पोटभर खाल्लेली ती घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहून नाचायला लागली. तिला खाट दिसली नाही म्हणून ती गव्हाणीवर चढली. कानात म्हशीचा बिल्ला डुलत होता. हलगीवाला भला माणूस, त्याला वाटलं रंग चढलाय. त्यानं ठेका वाढवला.

"ही म्हैस बरी नाचते," साहेब म्हणाले.

आम्ही कुणी हसलो नाही. चेअरमन हसायला गेले, पण साहेबांकडं बघून थांबले.

घोडी संध्याकाळच्या आत बाहेर काढायची, आणि लेखी खुलासा. खुलासा मी लिहिला. चेअरमन येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी लिहीत होतो: पशुपालकानं आपलं जनावर म्हैस असल्याचं सांगून संस्थेची दिशाभूल केली. मी एकदा मान वर केली. "पैलवानानं असं सांगितलं नव्हतं," म्हणालो. चेअरमन थांबले. "मग कुणी लिवलं म्हशीचं? अक्षर कुणाचं हाय?" मी मान खाली घातली आणि वाक्य पूर्ण केलं. खाली सही केली. मला कुणी धरलेलं नव्हतं, दाबलेलं नव्हतं. नोकरी पावसाळ्यापर्यंतचीच होती, तीही जाईल या भीतीनं मी हे केलं. दुसऱ्या दिवशी त्या खुलाशाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. ज्या माणसाचं नाव जत्रेत कर्ण्यावरून पुकारलं जायचं, त्याचं नाव आता लबाड म्हणून फळ्यावर होतं. चेअरमननी मला समजावलं, की पैलवानाकडं छावणीत आणायला दुसरं जनावरच नाही, मग त्याचं नुकसान काय?

पैलवानानं घोडी सिरसाळ्याच्या पलीकडच्या एका बागायतदाराला दिली. त्याच्या विहिरीला पाणी होतं. चालवतच नेली. उजवा पाय ओढत गेले आणि परतीला एस.टी.नं आले. मी सोबत जायला हवं होतं. मी छावणीत बिल्ले मोजत बसलो होतो.

चार दिवसांनी सचिवांनी आम्हाला परत गोठ्यात जमवलं. वहिनींनी घोंगडी टाकली, पण माझ्याकडं बघितलं नाही, चहाही सचिवांच्याच हातात दिला. दाव्याची खुंटी तशीच होती. मी पुस्तक उघडलं, फासा मध्ये ठेवला आणि कुठून सुरू करावं ते मला समजेना. सचिवांनाच ते अवघड झालं असावं. त्यांनी वही काढली.

"विषय क्रमांक एक," ते घसा साफ करून म्हणाले, "पैलवानाच्या कागदावरील घोडी कमी करणे. म्हणजे बघा, खरी न्हाई ऱ्हायली तर तिथं बी..."

"ऱ्हाऊ द्या," पैलवान म्हणाले. त्यांनी घोडीचा कागद माझ्या हातातून घेतला, भोवऱ्यांच्या रकान्यावरून अंगठा फिरवला आणि तो परत माझ्यासमोर ठेवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "कागदावरची ऱ्हाऊ द्या. कागदावर काय, हा काय बी लिवतो."